सीए फायनल परत राहिलं? पुढचा अटेम्प्ट द्यायच्या आधी हे करा

रिझल्ट लागला, रोल नंबर टाकला आणि परत तेच, ग्रुप (फायनलच्या सहा पेपरांपैकी तीन पेपरचा संच) राहिला. ज्यांचं हे पहिल्यांदा झालंय त्यांना समजावणारे भरपूर लोक भेटतात. पण ज्यांचं दोनदा, तीनदा, चारदा झालंय, ज्यांच्या बॅचमधली मुलं आता स्वतःच्या मेंबरशिप नंबरवर रिपोर्ट साइन करतायत आणि ज्यांच्या घरी हा विषयच आता कोणी काढत नाही, त्यांच्याशी नीट बोलणारं फारसं कोणी नसतं. मी पुण्यात प्रॅक्टिस करते, आमच्याकडे आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं ट्रेनिंग) करून गेलेली मुलंमुली रिझल्टनंतर मार्कशीट घेऊन येऊन बसतात, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीये की वारंवार राहणारी मुलं अभ्यासात कमी पडतात असं फार क्वचित असतं. ती प्रत्येक वेळी परत पहिल्या पानापासून सुरू करतात. नवीन क्लास, नवीन नोट्स, नवीन टाइमटेबल, एफआरचा (फायनान्शियल रिपोर्टिंगचा) पहिला चॅप्टर, आणि मार्क जिथे गेले होते ती जागा तशीच राहते कारण ती कोणी उघडून बघितलेलीच नसते.

आधी आकडे सांगते म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल. नोव्हेंबर २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी १३.४४ टक्के पास झाले, पहिल्या ग्रुपचा निकाल १६.८ टक्के लागला. त्याच्या आधीच्या मे २०२४ ला हेच आकडे १९.८८ आणि २७.३५ होते. म्हणजे राहणं हेच इथे जास्त लोकांच्या वाट्याला येतं. ढ आहात म्हणून राहिलात असं जर डोक्यात बसलं असेल तर ते काढा. पण या आकड्यांच्या आडोशाला पण बसू नका, कारण ते आपल्या उत्तरपत्रिकेत काय झालं हे काहीच सांगत नाहीत.

पहिले आठ दिवस

काही ठरवू नका. सीए सोडायचं, नोकरी धरायची, दुसरा क्लास लावायचा, यातलं काहीही या आठ दिवसांत ठरवू नका. झोपा, जेवा, बॅचचे ग्रुप म्यूट करा, पेढ्यांचे फोटो टाकणाऱ्यांना अभिनंदन लिहायचं असेल तर एकदाच लिहा आणि बाजूला व्हा. नातेवाइकांसाठी एकच वाक्य तयार ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा, "यावेळी ग्रुप राहिलाय, पुढचं ठरवून सांगते." त्यापुढे काका कितीही खोदून विचारोत, तेच वाक्य परत. घरच्यांना मात्र मार्कशीट दाखवा. आई-बाबांना अ‍ॅग्रिगेट म्हणजे ग्रुपच्या सगळ्या मार्कांची बेरीज, हे माहीत नसतं, त्यांना वाटतं ३ मार्कांनी राहिली म्हणजे सगळंच गेलं किंवा सगळंच जवळ होतं, आणि दोन्हीमुळे घरात चुकीचं बोललं जातं. दहा मिनिटं बसून कागदावर समजावून सांगितलं की घरातलं बोलणं खूप बदलतं.

आणि हे अगदी मनापासून सांगते, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगून काय उपयोग असा विचार एकदाही येऊन गेला असेल तर अभ्यासाचं नंतर बघू. टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन करा किंवा शेजारच्याला करायला सांगा. परीक्षा वर्षातून तीनदा होते.

या आठ दिवसांत एकच काम तारखेचं आहे. उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवायला रिझल्टपासून एक महिना असतो. राहिलेल्या ग्रुपचे सगळे पेपर मागवा, चांगला गेलेला पण. दर पेपरला थोडी फी आहे, पण एखाद्या क्रॅश कोर्सच्या मानाने काहीच नाही. बरीच मुलं कॉपी मागवतच नाहीत, कारण बघवत नाही. मला ते समजतं. पण ती न बघता पुढचा अटेम्प्ट देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

व्हेरिफिकेशनचा फॉर्म वेगळा असतो. त्यात बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात, पेपर परत तपासत नाहीत. दोन-तीन मार्कांनी राहिलं असेल तर जरूर भरा, पण त्याच्या उत्तराची वाट बघत महिना घालवू नका.

मार्कशीट वाचायची कशी

नियम सगळ्यांना माहीत आहे, प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ५० टक्के, म्हणजे नवीन स्कीममध्ये तीन पेपरचे मिळून १५०. पण या दोन अटींमुळे राहण्याचे प्रकार वेगळे होतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

समजा ४४, ४७, ५२ पडले. बेरीज १४३. कुठलाच पेपर उडाला नाही, अ‍ॅग्रिगेटला ७ कमी. अशावेळी सगळे ४४ वाल्या विषयाच्या मागे लागतात, तिकडेच तीन महिने जातात आणि तो ४८ वर येतो. मी उलटं करायला सांगते. जो ५२ आहे त्याला ६२ वर न्या. आवडत्या विषयात दहा मार्क वाढवणं नावडत्या विषयात चार वाढवण्यापेक्षा बरेचदा सोपं जातं, आणि ६० च्या वर गेलात तर ग्रुप राहिला तरी एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर परत न देण्याची सूट, हातात राहतं. बाकीचे दोन आहेत तिथून घसरू द्यायचे नाहीत एवढंच.

आता दुसरं, ६३, ५८, ३६. बेरीज १५७, अ‍ॅग्रिगेट आरामात, पण एक पेपर ४० च्या खाली म्हणून ग्रुप गेला. हे फार लागतं मनाला. पण ६३ ला एक्झम्प्शन मिळालं आणि ते मार्क पुढच्या वेळी बेरजेत धरतात, म्हणजे उरलेल्या दोन पेपरमध्ये मिळून ८७ पाहिजेत आणि दोन्हीकडे ४० पाहिजेत. ८७ ऐकायला सोपं वाटतं आणि तिथेच मुलं सैल पडतात. ५८ वाला विषय "तो तर येतो" म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांवर टाकतात, आणि पुढच्या वेळी तोच ३९ वर उतरतो. दोन पेपर आहेत तर दोन्हीचा अभ्यास पहिल्या दिवसापासून.

एक्झम्प्शनबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. ते पुढच्या तीन परीक्षांना चालतं. आता फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते, म्हणजे तीन परीक्षा एका वर्षातच संपतात. तुम्ही एखादी दिली नाही तरी ती मोजली जाते, त्यामुळे एक्झम्प्शन असताना अटेम्प्ट सोडताना दहा वेळा विचार करा. आणि दुसरं म्हणजे ते मिळायला ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात. पहिला पेपर वाईट गेला म्हणून तिसऱ्याला बसलीच नाही, अशा मुली मी बघितल्यात, आणि मग रिझल्टमध्ये दुसऱ्या पेपरला ६० च्या वर मार्क दिसतात पण एक्झम्प्शन मिळत नाही. पेपर कितीही वाईट जाऊ दे, पुढच्याला जाऊन बसायचं.

तिसरा प्रकार ३१, ३८, ३५. इथे मी गोड बोलत नाही. तिन्ही पेपर ४० च्या खाली असतील तर एकतर सिलॅबस पूर्ण झाला नव्हता किंवा तीन तास लिहिण्याची सवयच नाहीये. यातलं नक्की कुठलं ते कॉपी आल्यावर कळतं.

कॉपी आली की

एक सबंध दिवस काढा आणि शेजारी इन्स्टिट्यूटची (आयसीएआयची) सजेस्टेड आन्सर्स घेऊन बसा. शक्य असेल तर एकट्याने बसू नका. प्रिन्सिपलकडे, म्हणजे ज्या सीएकडे आर्टिकलशिप केली त्यांच्याकडे, जा, पास झालेल्या मैत्रिणीला बोलवा, कारण स्वतःच्या उत्तराला आपण मनातल्या मनात मार्क देत जातो, "मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणत. तपासणाऱ्याला आपल्याला काय म्हणायचं होतं ते दिसत नाही, कागदावरचं दिसतं.

वहीत चार रकाने आखा. माहीतच नव्हतं. माहीत होतं पण आठवलं नाही. आठवलं पण नीट लिहिता आलं नाही. वेळ संपला. गेलेला प्रत्येक मार्क यातल्या एका रकान्यात टाकायचा, अर्धा मार्क पण. एमसीक्यूचं उत्तर का चुकलं हे जेवढं आठवेल तेवढं, पण डिस्क्रिप्टिव्हच्या ७० मार्कांचं पूर्ण. मग बेरीज करा.

माझ्यासमोर जेवढ्या वेळा ही बेरीज झालीये तेवढ्या वेळा मुलांना वाटत होतं की पहिला रकाना भरणार, आणि भरलेला असतो दुसरा आणि तिसरा. ही चांगली बातमी आहे, नीट ऐका. पहिला रकाना भरला असता तर परत शिकायला लागलं असतं. दुसरा-तिसरा भरलाय याचा अर्थ अभ्यास झालेला आहे, तो पेपरवर उतरत नाहीये, आणि त्याला अजून एक क्लास लावून काही होणार नाही. दुसऱ्याने भाकरी थापलेली कितीही वेळा बघितली तरी आपला हात बसत नाही.

वाचन कमी, लिखाण जास्त

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी तोच उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे परत परत वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं.

आता याच्याशी आपला चौथा अटेम्प्ट जोडून बघा. तीच बाइंडर चौथ्यांदा उघडली की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, हायलाइटर पण आपलाच, आणि "येतंय मला" असं वाटत राहतं. हॉलमध्ये बाइंडर नसते. जेवढे जास्त अटेम्प्ट तेवढी ही फसवणूक मोठी होत जाते, म्हणून पहिल्यांदा देणारी मुलं कधी कधी कमी वाचून पास होतात आणि आपल्याला ते अन्यायाचं वाटतं.

म्हणून रिपीटरने दिवस उलटा लावायचा. सकाळी सगळ्यात आधी प्रश्न. आरटीपी, एमटीपी (इन्स्टिट्यूटचे सरावाचे पेपर), मागचे सजेस्टेड, यातला एक १४ मार्कांचा प्रश्न उचला, पुस्तक बंद, घड्याळ लावा, वहीत पूर्ण लिहा. १०० मार्क आणि १८० मिनिटं, म्हणजे मार्काला १.८ मिनिटं, १४ मार्कांना २५ मिनिटं. लिहून झाल्यावर उत्तराशी पडताळा, आणि जे आलं नाही तेवढंच मॉड्यूलमध्ये उघडून वाचा. म्हणजे काय वाचायचं हे चुका ठरवतात. दोन दिवसांनी तोच प्रश्न परत, मग आठवड्याने, मग महिन्याने. सुरुवातीचे पंधरा दिवस भयंकर जातात, एवढे अटेम्प्ट देऊन साधा प्रश्न पूर्ण लिहिता येत नाही म्हणून रडू येतं. येऊ दे. ते रडू घरी आलेलं बरं, दुपारी दोन ते पाचच्या पेपरला हॉलमध्ये येण्यापेक्षा.

ऑडिटबद्दल जरा जास्त

कारण सगळ्यात जास्त रिपीटर इथे अडकलेले मी बघितलेत. एफआर आणि एएफएममध्ये (फायनान्शियल मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये) चुकलं तर कुठे चुकलं ते आकड्यात दिसतं. ऑडिटमध्ये मूल बाहेर येऊन म्हणतं छान गेला आणि ३७ येतात.

उत्तराला तीन पायऱ्या पाहिजेत. कुठलं स्टँडर्ड किंवा कलम लागतं आणि ते काय म्हणतं, मग दिलेल्या केसमधली वस्तुस्थिती त्याला कशी लागू होते, मग निष्कर्ष. मुलं पहिली पायरी भरभरून लिहितात, दुसरी गाळतात आणि तिसरीत "ऑडिटर रिपोर्टमध्ये योग्य तो उल्लेख करेल" असं काहीतरी मोघम लिहितात. कसला उल्लेख? एसए (स्टँडर्ड ऑन ऑडिटिंग) ७०५ प्रमाणे चूक मटेरियल (दखल घेण्याइतकी मोठी) आहे पण पर्व्हेसिव्ह (सगळ्या हिशोबात पसरलेली) नाही तर क्वालिफाइड, मटेरियल आणि पर्व्हेसिव्ह दोन्ही आहे तर अ‍ॅडव्हर्स, आणि पुरावाच मिळाला नाही आणि त्याचा परिणाम पर्व्हेसिव्ह असू शकतो तर डिस्क्लेमर. केसमध्ये यातलं कुठलं लागतं आणि का, या दोन ओळींचे मार्क असतात. त्या दोन ओळी नाहीत म्हणून ४ पैकी दीड मिळतो, आणि असे पाच प्रश्न झाले की पेपर गेला.

इथेच मराठी मीडियममधून आलेल्या मुलांबद्दल बोलायचंय. लातूर, नांदेड, सोलापूर, सांगलीकडून आलेली कितीतरी हुशार मुलं आहेत ज्यांना संकल्पना माझ्यापेक्षा स्वच्छ समजलेली असते, मराठीत विचारलं की धडाधड सांगतात, पण पेपर इंग्लिश नाहीतर हिंदीत लिहायचा असतो आणि तिथे वाक्य जुळवण्यात वेळ जातो. तिसरा आणि चौथा रकाना त्यांचा यामुळेच भरतो. तुम्हाला इंग्लिश सुधारायचा कोर्स नको आहे. तुम्हाला स्टँडर्डची ठरलेली पन्नास-साठ वाक्यं हातात बसवायची आहेत, प्रोफेशनल स्केप्टिसिझम, सफिशियंट अप्रोप्रिएट ऑडिट एव्हिडन्स, रिस्क ऑफ मटेरियल मिसस्टेटमेंट असे शब्दसमूह जिथे तिथे वापरावे लागतात. रोज एका एसएमधल्या पाच ओळी बघून लिहा आणि पाच न बघता लिहा. वीस मिनिटांचं काम आहे. दोन महिन्यांत हाताचा वेग बदलतो, आणि याचा फायदा ऑडिटपुरता राहत नाही.

एथिक्स सोडू नका, शेड्यूल आणि क्लॉज एकदा पक्के झाले की ते मार्क ठरलेले आहेत.

बाकीचे पेपर

एफआरमध्ये इंड एएस (भारतीय अकाउंटिंग स्टँडर्ड्स) १०३, १०९, ११०, ११५, ११६ यांना पर्याय नाही, आणि वर्किंग नोट्स पेपरवर दिसल्या पाहिजेत कारण शेवटचा आकडा चुकला तरी स्टेपचे मार्क मिळतात. एएफएममध्ये थिअरी टाकू नका. इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स ओपन बुक आहे, चार तासांचा आहे, आणि लोक बॅगभर पुस्तकं घेऊन जातात आणि पानं शोधत बसतात. कमी न्या आणि टॅब लावून न्या. पुस्तकात शोधायचं ते फक्त खात्री करायला.

टॅक्सचा मात्र वेगळा धोका आहे आणि तो फक्त रिपीटरलाच आहे. जुन्या नोट्स. आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या क्लासच्या सुंदर रंगीत नोट्स असतात, त्यावर जीव असतो, आणि मधल्या काळात कायदा बदललेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणात बदलले, आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा इन्कम टॅक्स अ‍ॅक्ट जाऊन २०२५ चा नवीन अ‍ॅक्ट आला, त्यात कलमांचे नंबरच वेगळे आहेत. तुमच्या अटेम्प्टला कुठला कायदा आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत ते इन्स्टिट्यूट जाहीर करते, ते आधी शोधा, प्रिंट काढा, टेबलासमोर चिकटवा. नवीन मटेरियल किंवा नवीन क्लास घ्यायचाच असेल तर तो इथे घ्या, बाकी विषयांना आहे तेच एक मटेरियल धरा.

लगेचचा अटेम्प्ट द्यायचा की नाही

पूर्वी सहा महिने मिळायचे, आता गणित बदललंय. २०२५ चं उदाहरण घ्या, मेचा रिझल्ट ६ जुलैला लागला आणि सप्टेंबरची परीक्षा ३ तारखेला सुरू झाली, मध्ये जेमतेम दोन महिने. ज्यांचं अ‍ॅग्रिगेटला थोडक्यात राहिलंय किंवा ज्यांना एक्झम्प्शन आहे त्यांनी लगेच द्यावा, अभ्यास ताजा असतो. ज्यांचे तिन्ही पेपर ४० च्या खाली आहेत त्यांनी, माझं स्पष्ट मत आहे, एक परीक्षा सोडावी. दोन महिन्यांत पद्धत बदलत नाही, आणि अजून एक नापास रिझल्ट अंगावर घेऊन हाती काही लागत नाही.

दोन्ही ग्रुप की एक? दोन्ही एकत्र दिले तर ६०० पैकी ३०० आणि प्रत्येक पेपरला ४० असले की एका ग्रुपची कमी दुसरा भरून काढतो, हा फायदा खरा आहे, पण तो सहाही पेपर ४० च्या वर असणाऱ्याला आहे. वारंवार राहणाऱ्याने बहुतेक वेळा एक ग्रुप मोकळा करावा. एक ग्रुप निघाला की माणूस बदलतो, चेहऱ्यावर दिसतं.

नोकरी

दोन-तीन अटेम्प्टनंतर घरी बसून पूर्णवेळ अभ्यास, हे मला सगळ्यात जास्त घातक वाटतं. दिवसाला बारा तास असतात पण त्यातले चार पण होत नाहीत, आणि पैशासाठी हात पसरावा लागतो तो त्रास वेगळाच. सेमी-क्वालिफाइड म्हणून नोकरी मिळते, कंपनीच्या अकाउंट्समध्ये, जीएसटी टीममध्ये, फर्ममध्ये. करा. सकाळी दोन तास लिखाण, शनिवार-रविवार अभ्यासिकेत, आणि परीक्षेच्या आधी दोन-तीन महिने रजा किंवा राजीनामा, जे जमेल ते, पण रुजू होतानाच बोलून ठेवा.

फर्ममध्ये जाणार असाल तर सीझन बघून अटेम्प्ट ठरवा. एप्रिलमध्ये बँक ऑडिट असतं, ते मेच्या परीक्षेच्या अगदी तोंडावर येतं. सप्टेंबरची परीक्षा टॅक्स ऑडिटच्या गर्दीत येते. जानेवारीच्या आधी दिवाळी आणि डिसेंबरअखेरचं जीएसटीचं वार्षिक रिटर्न. कुठलाच अटेम्प्ट मोकळा नाहीये, पण कंपनीतल्या नोकरीला यातला बराच ताप नसतो.

शेवटचा महिना आणि पेपरचे दिवस

प्रत्येक विषयाचा किमान एक पूर्ण पेपर खरोखरच्या वेळेत द्या, दुपारी दोन ते पाच, जेवून लगेच, झोप येते त्याच वेळेत. आधीची पंधरा मिनिटं, पावणेदोन ते दोन, पेपर वाचायला असतात, त्यात पहिला प्रश्न कंपल्सरी आणि उरलेल्या पाचातला कुठला टाकायचा हे ठरलं पाहिजे. पाच प्रश्नांना २५ मिनिटांप्रमाणे साधारण सव्वादोन तासांच्या आत, उरलेला वेळ ३० मार्कांच्या एमसीक्यूला. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, एकही एमसीक्यू रिकामा सोडायचा नाही. लिहिलेला पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्या. आयसीएआयच्या ब्रँचमध्ये मॉक होतात, पुण्यात बिबवेवाडीला चौकशी करा, नाहीतर तुमच्या गावाजवळच्या ब्रँचला.

दोन पेपरच्या मध्ये बहुतेक वेळा एखादाच मोकळा दिवस मिळतो, म्हणून सगळे "दीड दिवसाची रिव्हिजन" म्हणतात. ही रिव्हिजन परीक्षेतच पहिल्यांदा करू नका. महिनाभर आधी एकदा खरोखर दीड दिवसात आख्खं ऑडिट फिरवून बघा. जे त्यात बसत नाही ते तिथेच कापा आणि तेवढ्याच नोट्स हॉलपर्यंत न्या. आणि पेपर सुटल्यावर गेटबाहेर थांबून उत्तरं जुळवायची नाहीत, रिक्षा धरायची आणि घरी.

थांबायचं कधी

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि विचारायची लाज वाटते. माझ्याकडे त्याला असं मोजमाप आहे: वर सांगितलं तसं पूर्ण एक अटेम्प्ट, कॉपी बघून, लिहून, मॉक देऊन, दिलाय का? नसेल तर सोडायचा निर्णय घाईचा आहे, कारण बदल करून बघितलेलाच नाही. दिलाय आणि बेरीज वर सरकतेय, १२० ची १३८ झाली, तर अजून एक द्या. दिलाय आणि बेरीज तिथेच आहे, शरीर थकलंय, वाचायला बसलं की छातीत धडधडतं, तर थांबणं पूर्ण योग्य आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सीएमए आहे, सीएस आहे, एसीसीए आहे, त्यातल्या काही पेपरची सूट आधीच्या शिक्षणावर मिळते का ते त्या त्या इन्स्टिट्यूटच्या साइटवर बघा. इंटर पास आणि आर्टिकलशिप पूर्ण, एवढ्यावर चांगलं करिअर केलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, काहींच्या हाताखाली सीए काम करतात. आर्टिकलशिप पूर्ण झाल्याची कागदपत्रं, इंटरच्या मार्कशीट, ट्रेनिंगची सर्टिफिकेट्स एका फाइलमध्ये लावून ठेवा, नोकरीला पण लागतात आणि दोन वर्षांनी परत फॉर्म भरावासा वाटला तर तेव्हा पण.

आणि द्यायचंच ठरलं असेल तर फॉर्म सुरू झाल्या झाल्या भरा, लेट फीच्या दिवसांवर ठेवू नका. सेंटर घराजवळचं निवडा, मुंबईत असाल तर लोकल न बदलता पोचता येईल असं.